व्हायवाला (तोंडी परीक्षेला) ततपप झालं म्हणजे अभ्यास नव्हता, असंच धरायचं का?

सेकंड_इयर: अ‍ॅनाटॉमीच्या व्हायवाला एक्सटर्नलनी (बाहेरच्या परीक्षकांनी) फीमर, म्हणजे मांडीचं हाड, हातात दिलं. उजवं की डावं? आदल्या रात्री रूममेटला मीच हे शिकवलं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. थिअरीला उत्तम, प्रॅक्टिकलला काठावर पास. असली व्हायवा ज्ञान मोजत नाही, धीटपणा मोजते. एकाला फीमर, दुसऱ्याला आख्खं ब्रेकियल प्लेक्सस (हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचं जाळं)! स्कॉटलंडमधल्या डंडीच्या हार्डन यांनी १९७५ मध्ये ऑस्की ही परीक्षापद्धत मांडली ती यासाठीच: सगळ्यांना तीच स्टेशनं (ठरलेल्या कामांची टेबलं), तीच चेकलिस्ट.

जुना_सर्जन: उजवं-डावं चुकणं ओटीत (ऑपरेशन थिएटरात) केवढ्याला पडतं, माहितेय? कॅज्युअल्टीत रात्री नातेवाईक अंगावर येतात, तिथे कसली स्टेशनं? घाबरलेल्या अवस्थेतही काम करता यायला हवं. थोडी धास्ती उपयोगाचीच असते. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्येच उंदरांना शॉक देऊन ते दाखवलंय.

सेकंड_इयर: अर्धाच प्रयोग सांगितलात, सर. काम अवघड असलं की जोराचा शॉक बसलेले उंदीर उलट उशिरा शिकले. आणि ओटीत बाजू चुकू नये म्हणून डब्ल्यूएचओने २००८ मध्ये चेकलिस्टच दिली. सर्जनच्या धीटपणावर नाही सोडलं.

नर्सिंगवाली: आमच्या बॅचला बऱ्याच जणी बारावीपर्यंत मराठी माध्यमातल्या. ड्रिपचा रेट वॉर्डात बरोबर काढतात, व्हायवाला इंग्रजी वाक्य जुळवताना अडतात. मॅडम "मराठीत सांग" म्हणाल्या की तीच पोरगी धडाधड बोलते. तिला 'अँक्झायटी' चिकटवून मोकळं होऊ नका.

आकडेमोड: एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) टास्क फोर्सच्या २०२४ च्या अहवालात २७.८ टक्के पदवी विद्यार्थ्यांनी मानसिक आजार असल्याचं सांगितलंय. पण तो ऑनलाइन सर्व्हे, ज्यांनी भरला त्यांचाच. शिवाय चिंतेने मार्क गेले की मार्क गेल्याने चिंता लागली, हे एकदाच भरलेल्या फॉर्मवरून कळत नाही. फर्स्ट एमबीबीएसला चारच अटेम्प्ट. तिसऱ्याला बसलेल्याची धडधड आधीच्या निकालातून आलेली असणार, नाही का? सप्लीमेंटरीवाल्यांना वेगळं शिकवणं हाही मग उपायच की. सगळ्यांना सरसकट ध्यानाला बसवून काय होणार?

जुना_सर्जन: ध्यानाबद्दल सहमत. चेकलिस्टचा मुद्दाही बिनतोड. पण मी परीक्षक असतो तेव्हा पहिला प्रश्न मुद्दाम सोपा विचारतो, पाणी देतो, मराठीही चालवून घेतो. एवढं करूनही समोरचा गप्पच बसला, तर मार्क कशाचे देऊ? थिअरीचा पेपर बघून?