मदत हवी आहे: 'फ्रँकेन्स्टाइन'मधली धमकी आणि राक्षसाची भाषा

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या निबंधासाठी मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) वाचतेय आणि दोन ठिकाणी अडकलेय.

वीज पडून ओकच्या झाडाच्या चिंध्या होतात, ही पूर्वसूचना सरळ आहे. पण तुझ्या लग्नाच्या रात्री येईन, ही राक्षसाने त्याला घडवणाऱ्या व्हिक्टरला दिलेली धमकी? राक्षसाची होणारी सोबतीण व्हिक्टरने नुकतीच फाडून टाकलेली असते. तरी व्हिक्टरला वाटतं, जीव आपलाच जाणार. होणारी बायको एलिझाबेथ आठवते, तीही आपल्यामागे रडणारी म्हणून! मला हा त्याचा आत्मकेंद्री स्वभाव वाटतो. पण त्याच्या भाषेतून हे दाखवायचं, तर आणखी कोणते उतारे घ्यावेत?

दुसरा प्रश्न जास्त छळतोय. राक्षस कवी मिल्टन आणि चरित्रकार प्लूटार्क वाचून इतकं सुंदर बोलतो की आपण त्याच्या बाजूने होतो. पण ते बोलणं आपल्यापर्यंत येतं व्हिक्टरच्या तोंडून, व्हिक्टरची कहाणी लिहून घेणाऱ्या वॉल्टनच्या टिपणांतून. आणि शेवटाकडे कळतं की त्या टिपणांतले संवाद व्हिक्टरने स्वतः सुधारलेत. मग हे वक्तृत्व नेमकं कोणाचं मानायचं?

कोणी ही कादंबरी शिकवली असेल तर कृपया सांगा. १८३१च्या सुधारित आवृत्तीतले दाखलेही चालतील.