मदत हवी आहे: ३०२०आय स्पीकर्सना कोणता स्टिरिओ रिसीव्हर?

हॉलमधला_श्रोता:
नमस्कार मंडळी. क्यू अकूस्टिक्स ३०२०आयची जोडी घरात आहे (विद्युत रोध ६ ओहम, संवेदनशीलता ८८ डीबी म्हणजे डेसिबल). हॉल १२ बाय १४ फूट, सोफा स्पीकरपासून ९ फुटांवर. टीव्ही, मोबाइल आणि पुढेमागे टर्नटेबल जोडायचं आहे. बजेट ४० हजार. दुकानदार म्हणतो, १०० वॉटच्या खाली बघूच नका. भाऊ अमेरिकेतून येतोय, तिकडून रिसीव्हर मागवू का?

तारयंत्र:
वॉटची धास्ती सोडा. ८८ डीबी म्हणजे साधारण १ वॉटला १ मीटरवर ८८. सोफ्यापर्यंत येताना, भिंतींची मदत धरूनही, ८० च्या आसपास उरतात. दोन स्पीकरचे मिळून ८३. वॉट दुप्पट केले की जेमतेम ३ डीबी वाढतात, म्हणजे ४० वॉटला १६ ची भर. झाले ९९. त्याच्या बरंच आधी खालच्या मजल्यावरचे बेल वाजवतील. ४० चे ८० वॉट केलेत तरी पदरात पडणार तेच ३ डीबी.

बघायचं ते वॉट मोजले कसे. '८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन्ही चॅनल चालू' असं लिहिलं असेल तर आकडा खरा. '१ किलोहर्ट्झ, १० टक्के टीएचडी' (म्हणजे आवाजातली विकृती) असेल तर बराच फुगवलेला. पीएमपीओ (क्षणभराच्या कमाल वॉटचा जाहिराती आकडा) दिसलं तर दुकान बदला.

आणि एक: हे स्पीकर कागदावर ६ ओहमचे असले तरी काही फ्रीक्वेन्सींना ४ ओहमपर्यंत उतरतात. मागच्या टर्मिनलशेजारी '८ ओहम मिनिमम' छापलेला अँप (अँप्लिफायर) घेतलात तर रोजच्या आवाजाला काही होणार नाही, पण आवाज चढवून तासभर ठेवलात की तापून प्रोटेक्शनमध्ये जाईल, म्हणजे आपोआप बंद पडेल. ४ ओहमला चालतो असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या.

पितळी_बटण:
+१. मॉडेलचं बोलायचं तर डेनॉन पीएमए-६००एनई: ८ ओहमला ४५ वॉट, ४ ओहमला ७०. ऑप्टिकल (टीव्हीचा डिजिटल आवाज घेणारं इनपुट), ब्लूटूथ, एमएम फोनो (टर्नटेबलचं इनपुट) सगळं आतच. एफएम ट्यूनर नाही, त्यामुळे तो खरं तर रिसीव्हर नव्हे, इंटिग्रेटेड अँप. एफएम मोबाइलवर भागत असेल तर अडत नाही. यामाहा ए-एस३०१ सुद्धा चांगला. ऑप्टिकल, फोनो आहे, ब्लूटूथ मात्र वेगळं लावावं लागतं.

यामाहा आर-एस२०२ बजेटमध्ये सहज बसतो, एफएमही आहे, म्हणून दुकानदार तोच पुढे करतील. त्याला ना ऑप्टिकल ना फोनो. टर्नटेबलचा सिग्नल जेमतेम ४-५ मिलिव्होल्ट. तो साध्या ऑक्स इनपुटमध्ये खुपसला तर आवाज किरटा आणि बारीक येतो. मग तो सिग्नल वाढवणारा फोनो प्रीअँप घ्या, टीव्हीसाठी डॅक (डिजिटल सिग्नल अॅनालॉग करणारा डबा) घ्या, स्वस्ताई संपली.

११०_नको:
अमेरिकेतून मागवू नका. तिकडचे बहुतेक अँप १२० व्होल्टचे. आपल्या २३० वर लावलात तर फ्यूज गेला तर नशीब, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळतो. स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावून चालतो, पण तो किमान ५०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा हवा, बरेचसे गुणगुणतात, आणि इथे वॉरंटी मिळणं मुश्कील. भावाला चॉकलेटं आणायला सांगा.

हॉलमधला_श्रोता:
मनापासून आभार. मग ६००एनई. टीव्ही ऑप्टिकलने जोडताना आणि वायर घेताना काय सांभाळू?

तारयंत्र:
टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) करा. 'ऑटो' किंवा 'डॉल्बी'वर राहिलं की स्टिरिओ अँपला तो सिग्नल उलगडत नाही आणि सगळं गप्प. लोक केबल बदलत बसतात. ऑप्टिकलवर टीव्हीच्या रिमोटने आवाज बहुधा कमीजास्त होत नाही, अँपचा रिमोट हाताशी ठेवा.

वायर १.५ चौरस मिमी, शुद्ध तांब्याची. ६ मीटरपर्यंत पुरते. स्वस्तातली बरीच वायर वरून तांबं, आत ॲल्युमिनियम असते: टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा. टोकं १ सेंमीच सोला आणि पिळून घ्या. एक तंतू जरी शेजारच्या टर्मिनलला टेकला तरी अँप बंद पडतो. एका स्पीकरचे लाल-काळे उलटे लागले तर बास गायब होतो आणि गायक मधोमध न राहता खोलीभर पसरतो. जोडणी करताना अँपचा प्लग काढलेला असू द्या. अँप टीव्ही युनिटच्या बंद खणात मात्र कोंबू नका, वर १० सेंमी मोकळी जागा हवीच.