बोल्डरला पाठवायचं की घराजवळच ठेवायचं? अनुभव लिहा

लेकीला युनिव्हर्सिटी ऑफ कोलोराडो बोल्डरला एरोस्पेस मिळालंय. कॅम्पस बघून आलो तेव्हापासून तिने दुसऱ्या कॉलेजचं नावच काढलेलं नाही आणि मलाही तिचं कळतं, लाल कौलांच्या दगडी इमारतींमागे फ्लॅटआयर्न्सचे ते तिरके कडे बघून कोणाचाही जीव रमेल. पण आम्ही न्यू जर्सीवाले, इथे रटगर्सला (आमच्या राज्याचं विद्यापीठ) इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्यांसाठीची कमी फी, तिकडे नुसती ट्युशनच 40 हजार डॉलरच्या पुढे. 1 मेच्या आत कळवायचंय. ज्यांची मुलं तिथे शिकली त्यांनी, स्वतः शिकलेल्यांनीही, मोकळेपणाने लिहा.

डॅलसहून, एक बाबा
आधी पैशाचंच लिहितो. ॲडमिशनच्या वेळचा ट्युशनचा दर चार वर्षं तोच राहतो, हा मोठा दिलासा आहे. पण राहण्याजेवणाचा खर्च त्यात येत नाही आणि खरी मेख तिथेच आहे. पहिलं वर्ष डॉर्ममध्ये राहावंच लागतं, दुसऱ्या वर्षासाठी मात्र पोरं पहिल्या सेमिस्टरलाच घर शोधायला लागतात कारण कॅम्पसजवळच्या 'हिल' या वस्तीतल्या खोल्या भराभर जातात, भाडीही चढी. इंजिनिअरिंगची ट्युशन आर्ट्सपेक्षा जास्त असते, तोच आकडा धरा. आणि वर्षभर राहिलं की रेसिडेन्सी, म्हणजे तिथले रहिवासी म्हणून इन-स्टेट फी, मिळेल या आशेवर तर अजिबात राहू नका, आईवडील दुसऱ्या राज्यात राहून फी भरत असतील तर ते फार अवघड आहे.

पुण्याहून एमएसला गेलेली
एरोस्पेसच असेल तर माझं मत सरळ आहे, झेपत असेल तर पाठवा. कल्पना चावलाने 1988 मध्ये इथूनच पीएचडी केली. विद्यापीठाच्या एलएएसपी या अवकाश संशोधनाच्या लॅबमध्ये अंडरग्रॅडची पोरंसुद्धा ट्रेनिंग घेऊन खऱ्या यानांच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्ट करतात, मंगळावरच्या मेव्हन मोहिमेचं नेतृत्वही याच लॅबकडे होतं. असं काम विशीत हाताला लागणं ही साधी गोष्ट नाही हो! हवेची मात्र सवय करावी लागते. उंची जवळपास 5400 फूट, सुरुवातीला जिना चढतानाही धाप लागायची, हवा इतकी कोरडी की नाकातून रक्त यायचं, मग रात्री नाकपुड्यांना तूप लावून झोपायचे. थंडीचं तितकं घाबरू नका, आज बर्फ पडला तरी उद्या लख्ख ऊन असतं. डेन्व्हरला थेट बस जाते, विद्यार्थ्यांना पास मिळतो, त्यामुळे गाडीवाचून अडत नाही.

एडिसनहून, एक आई
आम्ही नाही म्हटलं. मुलाचं इंजिनिअरिंग की बिझनेस हेच ठरत नव्हतं, डोंगर बघून तो भुलला होता, आणि कर्ज काढून चार वर्षं विचार करायला पाठवणं आम्हाला पटलं नाही. आठवडाभर घरात अबोला होता. आता तो रटगर्सला आहे, मास्टर्सला तिकडे जाईन म्हणतो, खुशाल जाऊ दे. तुमच्या लेकीला एरोस्पेसच करायचंय हे पक्कं आहे का, तेवढं आधी तिला शांतपणे विचारा.