मदत हवी आहे: पाणलोटात मुरलेल्या पाण्याचा ताळेबंद आणि वाटणी गावाने कशी ठरवावी? (सांगोला तालुका)

सर्वांना नमस्कार.

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात, माण नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी आहे. उजनीचे पाणी आमच्या शिवारापर्यंत येत नाही, त्यामुळे चांगल्या वर्षी ५०० मिलिमीटरच्या आसपास होणारा पाऊस आणि त्यातून विहिरींना लागणारे पाझर एवढ्यावरच सगळ्यांचे पोट आहे.

२०१७ मध्ये जलयुक्त शिवार अभियानातून ओढ्याचे खोलीकरण झाले, दोन सिमेंट बंधारे झाले आणि माळावर पावसाचे पाणी अडवून मुरवणारे सलग समतल चर (उताराला आडवे खणलेले लांब खड्डे) निघाले. २०१९ आणि २०२० च्या परतीच्या पावसात बंधारे तुडुंब भरले व विहिरी मार्चपर्यंत चालल्या. त्या भरवशावर वरच्या अंगाला नवी बोअर पडली, प्लास्टिकचा कागद अंथरलेली अकरा शेततळी झाली. पुढे मर रोगाने आणि खोडकिडीने डाळिंबाच्या बागा काढाव्या लागल्या, तेव्हा त्याच रानांत ऊस आला. त्या शेतकऱ्यांना मी दोष देत नाही. बागेचे कर्ज अंगावर असलेला माणूस हमखास पैसा देणारे पीकच पाहणार. पण ही शेततळी पावसाच्या वाहत्या पाण्याने भरत नाहीत, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विहिरी उपसून भरली जातात, आणि खालच्या अंगाचे झरे तेव्हापासूनच आटू लागतात.

माझी विहीर खालच्या अंगाला, ५२ फूट खोल आहे. वडिलांनी दर पाच फुटांवर गाठ मारलेली एक सुतळी, टोकाला दगड बांधून, काठावर ठेवली आहे आणि दर अमावास्येला ते ती विहिरीत सोडून पाहतात. यंदा दिवाळीच्या अमावास्येला पाण्याच्या वर तीन गाठी कोरड्या राहिल्या होत्या, पौषात नऊ. मोटर पाऊण तासात बंद करावी लागते, तीही नेमकी ज्वारीचा दाणा भरायच्या वेळी. आमच्याकडे मालदांडी ज्वारी केवळ धान्यासाठी नसते. तिच्या कडब्यावर दावणीची खिलार जनावरे उन्हाळा काढतात.

याहून मोठा अन्याय मला मेंढपाळ कुटुंबांवर झालेला दिसतो. चर काढल्यावर माळावर चराईबंदी आली, म्हणून त्यांना मेंढरे घेऊन दूर जावे लागते. त्यांचा चराऊ माळ पाणलोटासाठी गेला, पण विहीर नसल्यामुळे मुरलेल्या पाण्यात त्यांचा थेंबाचाही वाटा नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदरमधील नायगावात पाणी पंचायत सुरू केली, तेव्हा पाण्याचा हक्क जमिनीवर न ठरवता माणशी ठरवला होता, भूमिहीनांनाही वाटा होता आणि उसाला मनाई होती. पण ते सामूहिक उपसा योजनेचे पाणी होते. खाजगी विहिरींच्या पाण्याला असे तत्त्व कोणत्या गावाने, अंशतः का होईना, लागू केले आहे का? नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने शेतीसाठी बोअर बंद ठेवून पाण्याचा ताळेबंद मांडला, हे आम्हांला माहीत आहे. मात्र बोअर आणि ऊस आधीच असलेल्या गावात सुरुवात कुठून झाली, हे प्रत्यक्ष अनुभवातून ऐकायचे आहे.

दुसरी अडचण हिशेबाची आहे. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी, इथवरचे गणित सोपे आहे. पण वर मुरूम आणि खाली काळा पाषाण अशा जमिनीत त्यातले किती मुरले, हे विहिरींच्या पातळीवरून कसे काढावे? ९०० हेक्टरच्या शिवारात किती विहिरी आणि कोणत्या महिन्यांत मोजल्या म्हणजे आकडा ग्रामसभेत टिकेल? तसेच महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समितीची तरतूद आहे. अशा समितीत कोणी काम केले असल्यास तिचे निर्णय प्रत्यक्षात पाळले जातात का, हेही कृपया लिहावे.

१ मेच्या ग्रामसभेत आम्ही हा विषय ठेवणार आहोत. वरच्या अंगाच्या दोघा शेतकऱ्यांनी स्वतःच्या विहिरी मोजू देण्याचे कबूल केले आहे आणि मोजणीला आठ तरुण तयार आहेत, त्यामुळे सर्वप्रथम मोजणीच्या पद्धतीबद्दल कोणी सांगितले तर येत्या अमावास्येपासूनच आम्हांला काम सुरू करता येईल.