मदत हवी आहे: सेको ५ स्पोर्ट्स की टिसो सीस्टार? शुक्रवारच्या आत ठरवायचंय

सह्यवारा
कोणतं घड्याळ घेऊ, सेको ५ स्पोर्ट्सचं एसआरपीडी मॉडेल की टिसो सीस्टार १००० पॉवरमॅटिक ८०? दोन्ही ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीवर चालणारी, पण टिसो दुपटीहून महाग. जास्तीच्या पैशांत नेमकं काय मिळतं? शुक्रवारी दुकानात जायचंय, लवकर सांगा.

खटका
मनगट किती? रोज घालणार का?

काटा_सरळ
डोळे झाकून सेको घ्या. माझं २०२० पासून हातात आहे. त्यातलं ४आर३६ मशीन कुठलाही जाणता घड्याळजी उघडतो, पुढेमागे पडलं तर लावून देतो. टिसोच्या पॉवरमॅटिक मशीनमध्ये नेहमीचा रेग्युलेटरच (वेग कमी-जास्त करायचा खटका) नाही, गल्लीतला माणूस हात लावत नाही.

मधुमालती
आणि काच? सेकोला हार्डलेक्स, म्हणजे त्यांची कडक केलेली साधी काच. माझ्या सेकोवर बाराच्या आकड्यापाशी कपाटाच्या कडीचा चरा आहे, दिवा लावला की आधी तोच दिसतो. टिसोला सफायर आहे, सहज चरा पडत नाही. शिवाय पाण्यात ३०० मीटरपर्यंतची क्षमता आणि स्क्रूसारखी फिरवून बसणारी चावी. सेको १०० मीटर, चावी नुसती दाबून बसते.

काटा_सरळ
३०० मीटर खाली कोण जाणार आहे? काच बदलून मिळते.

जुनीपेटी
एचएमटी जनता शोधा! बाबांचं अजून चालतंय. पुण्यात सर्व्हिसिंग चांगलं कुठे होतं?

खटका
जनता हाताने चावी द्यायचं आहे, ऑटोमॅटिक नाही. वेगळा धागा काढा ना.

सह्यवारा
मनगट साडेसोळा सेंटीमीटर. सोमवार ते शुक्रवार ऑफिसला घालणार. शनिवार-रविवार ट्रेक, तेव्हा डिजिटल असतं.

खटका
अहो, हेच तर आधी हवं होतं! शुक्रवारी संध्याकाळी सातला काढलंत तर सेको ४१ तासांनी, म्हणजे रविवारी दुपारी बाराला थांबणार. मग सोमवारी लोकलच्या घाईत वेळ, तारीख, वार, तिन्ही लावत बसा. त्यात रात्री नऊ ते पहाटे चार तारीख झटकन बदलायची नसते, दातेरी चाकांना इजा होते. टिसो ८० तास चालतं, सोमवारी सकाळी तसंच उचलून हातात घालायचं.

काटा_सरळ
रविवारी सकाळी तीस-चाळीस वेळा चावी फिरवली की थांबत नाही.

मधुमालती
दादा, रविवारी सकाळी ते गडावर असतात. पण सह्यवारा, सीस्टार ४३ मिमी आहे, तुमच्या मनगटाला मोठं होईल. सेको ४२.५ असूनही वरच्या कानापासून (पट्टा अडकतो तो) खालच्या कानापर्यंत ४६च भरतं, म्हणून छान बसतं. सीस्टार ४० मिमीतही येतं, ते घालून बघा.

सह्यवारा
४० मिमीलाही ८० तासच ना?

मधुमालती
हो, पॉवरमॅटिकवालं मागा. त्या मापात क्वार्ट्झही (सेलवर चालणारं) असतं, ते हातात देतील.