कर्मचाऱ्यांच्या स्वयंसेवेसाठी रजा: धोरणात नेमकं काय लिहावं?

कागदकाम:
१८० माणसांची कंपनी आहे. १२० जण ऑफिसात, ६० जण तीन पाळ्यांत उत्पादनावर. आजवर वर्षातून एकदा सगळ्यांनी टी-शर्ट घालून झाडं लावायची, फोटो काढायचा, संपलं. आता वरून दोन दिवस भरपगारी स्वयंसेवा रजा मंजूर झाली आहे आणि मसुदा माझ्याकडे आलाय. रजा दिवसांत मोजायची की तासांत? मंजुरी कोणाची? पाळीवाल्यांचं काय? पुरावा काय मागायचा?

अर्धविराम:
तासांत मोजा. मुलांना वाचून दाखवणं, एखाद्या संस्थेचा हिशेब तपासून देणं ही कामं आठवड्याला तास-दीड तासाची असतात. पूर्ण दिवसाचीच अट घातली की एकदिवसीय उपक्रमच उरतात, म्हणजे परत झाडं आणि टी-शर्ट. दोन दिवसांचे १६ तास धरा, कमीत कमी एक तास घेता येईल असं ठेवा. जाण्यायेण्याचा वेळ त्यात धरणार की नाही हे मसुद्यातच लिहा, पहिलं भांडण त्यावरूनच होतं. हजेरीत स्वतंत्र कोड घ्या. किरकोळ रजेत मिसळलं की वर्षअखेरीला शिल्लक जुळत नाही.

मंजुरी देताना वरिष्ठाने फक्त वेळ सोयीची आहे का ते बघायचं. काम कुठलं चालेल हे एचआरने आधीच ठरवून ठेवायचं: निवडणूक प्रचार नाही, धर्मप्रसार नाही, स्वतःच्या घरच्यांच्या संस्थेत नाही. पाच कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर रजा मंजूर. नकार द्यायचा तर दुसरी तारीख सुचवूनच.

खरी मेख पुढे आहे. रजा मिळते, पण टार्गेट तेवढंच राहतं. समजा महिन्याचे १६० तास आणि त्यातले ८० टक्के ग्राहकाच्या कामाला लावायचे, म्हणजे १२८. माणसाने ८ तास स्वयंसेवेला दिले तर आधी १६० मधून ८ वजा करा, मग १५२ चे ८० टक्के काढा: १२१.६. हे केलं नाही तर तो दुपारी संस्थेत जातो आणि राहिलेलं काम रात्री घरी उरकतो. मग ती रजा कसली?

आकड्याच्या मोठेपणावर जाऊ नका. सेल्सफोर्स ही अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनी वर्षाला ५६ तास देते. झेरॉक्सने तर १९७१ मध्येच निवडक कर्मचाऱ्यांना वर्षभरापर्यंतची भरपगारी समाजसेवा रजा सुरू केली होती. तुमचे १६ खरोखर वापरले गेले तरी पुष्कळ.

तिसरी पाळी:
वरचं सगळं खुर्चीवाल्यांसाठी ठीक. लाइनवरचा माणूस मधेच दोन तास उठून जाऊ शकत नाही. त्याच्यासाठी अर्धी पाळी हा सर्वात लहान तुकडा धरा, सात दिवस आधी नोंद घ्या आणि बदली माणूस कोण ते त्याच नोंदीत लिहा. एका पाळीत एका लाइनवरून एकालाच सोडा. सुट्टीच्या दिवशी जाणाऱ्याला तेवढ्याच तासांची बदली सुट्टी द्या, नाहीतर ऑफिसवाले कामाच्या वेळेत जाणार आणि हे आपल्या आरामाच्या वेळेत.

‘स्वेच्छेने’ हा शब्द जपून वापरा. कंपनीने यायला सांगितलं, न येणाऱ्याची नावं टिपली, तर ती स्वयंसेवा राहत नाही, काम होतं. मग कामाच्या तासांचे आणि जादा पगाराचे नियमही लागू होऊ शकतात. अपघाताचंही तसंच: संस्थेच्या जागी शिडीवरून पडलेल्याला कंपनीचा विमा मिळेल असं गृहीत धरू नका. विमा कंपनीकडून लेखी घ्या, संस्थेच्या विम्यात स्वयंसेवक येतात का तेही विचारा.

पाणचक्की:
संस्थेच्या बाजूनेही बघा. एका दुपारी चाळीस माणसं पाठवणं ही मदत कमी आणि पाहुणचार जास्त. भिंत रंगवण्याचंच घ्या. रोलर सहा, माणसं चाळीस. तासाभरात पहिला हात संपतो. इमल्शनचा पहिला हात वाळायला साधारण चार तास लागतात आणि गाडी तीन तासांनी परत निघते. दुसरा हात संस्थेलाच पैसे देऊन मारून घ्यावा लागतो. घासकाम आणि पुट्टी तर कोणी केलेलीच नसते, म्हणून रंगाचे पोपडे निघतात.

त्यापेक्षा आधी तीन गोष्टी विचारा: किती माणसं झेपतील, कोणतं काम अडलंय, तिथे लक्ष द्यायला कोण आहे. आठ-दहा जणांमागे संस्थेचा एक जाणकार माणूस हवा. साहित्याचा खर्च कंपनीने उचलावा. मुलांबरोबरचं काम असेल तर पार्श्वभूमी तपासणीला काही आठवडे धरा, मुलांबरोबर एकटा प्रौढ नको आणि फोटो तर नकोतच.

संगणकाचं काम करून देणार असाल तर सगळी खाती पहिल्या दिवसापासून संस्थेच्या ईमेलवर काढा. कर्मचाऱ्याच्या खाजगी खात्यावर बनवलेला तक्ता तो नोकरी सोडून गेला की कुलूपबंद होतो.

कागदकाम:
पाळीचा आणि टार्गेटचा मुद्दा मसुद्यात नव्हताच, घालते. पण पुराव्याचं राहिलं. संस्थेचं शिक्का मारलेलं पत्र मागू का?

अर्धविराम:
नको. लहान संस्थेत पत्रं लिहायला वेगळा माणूस नसतो. तारीख, तास, संस्था, काय काम केलं, एवढ्या चार रकान्यांचा फॉर्म कर्मचाऱ्यानेच भरावा. शंका आली तर संस्थेला एक फोन. आणि हे तास वार्षिक मूल्यांकनात गुणांसाठी धरू नका, नाहीतर वर ‘तिसरी पाळी’ म्हणतात तसं स्वेच्छेचं नाव आणि हजेरीची सक्ती.

पाणचक्की:
एक भर. कंपनी देणगीही देत असेल तर ती तासांना जोडता येते: कर्मचाऱ्याने ठरावीक तास दिले की त्याच संस्थेला कंपनीकडून ठरावीक रक्कम. बऱ्याच मोठ्या कंपन्या हे करतात. फक्त मर्यादा आधी लेखापालाकडून ठरवून घ्या. ५ डिसेंबरला आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन असतो, त्या आठवड्यात सगळ्याच कंपन्यांचे फोन येतात. तुम्ही फेब्रुवारीत विचारा.