दुकान म्हणजे दुकानच, पण...

वर कुणीतरी म्हटलंय की इंग्लंडमध्ये २०२० पासून सगळी दुकानं ‘क्लास ई’त (इमारतीच्या वापराचा, नियोजन कायद्यातला एक वर्ग) आली, आता कुणी काहीही विकावं. अर्धं बरोबर आहे. १ सप्टेंबर २०२० पासून किराणा, बँक, उपाहारगृह, दवाखाना, जिम, ऑफिस हे सगळं एकाच वर्गात आलं, आणि वर्गातल्या वर्गात वापर बदलायला नियोजन परवानगी लागत नाही. पण पब, गरम जेवण पार्सल देणारं दुकान आणि लॉन्ड्रेट (आपले कपडे मशीनमध्ये धुवायचं दुकान) त्यात नाहीत, बेटिंग शॉप तर २०१५ पासूनच वेगळं आहे. हे सगळे ‘कुठल्याच वर्गात न बसणारे’. म्हणजे थंड सँडविच विकलं तर साधं दुकान, आणि मुख्य धंदा गरम वडे पार्सल देण्याचा केला की नियोजन परवानगीचा अर्ज भरा! जुन्या वर्गीकरणात केशकर्तनालय आणि अंत्यविधीची व्यवस्था करणारा, दोघंही ‘ए१’ म्हणजे दुकानंच होती, हे मला अजूनही गमतीशीर वाटतं.

चर्चेत एक गोष्ट आली नाही. मूळ परवानगीला जोडलेली अट. ‘फक्त फर्निचरसाठी, खाद्यपदार्थ नाही’ असं त्या कागदावर लिहिलेलं असेल, तर क्लास ईची मोकळीक तिथे चालत नाही. शहराबाहेरच्या मोठ्या शेड्सना अशा अटी सर्रास असतात. त्यामुळे भाडेकरार करण्याआधी जुना परवानगीचा आदेश काढून अटींचं पान वाचा, दलालाच्या ‘सगळं चालतं’वर जाऊ नका. आणि वेल्समध्ये तर ए१, ए२, ए३ हे जुने वर्ग अजून तसेच आहेत.